नॉर्वेजियन क्रियापदाआधी ‘ओ’ कधी लावायचा? पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुका आणि त्या दुरुस्त करण्याच्या चाचण्या

नॉर्वेजियन शिकणाऱ्या मराठी माणसाच्या लिखाणात काही वाक्यं हमखास सापडतात. ‘यै कान ओ स्नाक्के नॉर्श्क’. ‘यै कान स्नाक्केर नॉर्श्क’. ‘यै लीकेर लेसे’. ‘यै विल दै ओ कोम्मे’. चारही चुकीची आहेत. पहिल्यात ‘ओ’ जास्तीचा आहे, दुसऱ्यात वर्तमानकाळाचा ‘र’ जास्तीचा आहे, तिसऱ्यात ‘ओ’ गळला आहे आणि चौथ्याची तर रचनाच इंग्रजी आहे. वर्ग लावून वर्ष झालं, ऐकलेलं बऱ्यापैकी कळतं, तरी लिहायला बसलं की याच चुका परत येतात. तुमचं असं होत असेल तर पाठांतर कमी पडतंय असं समजू नका. चूक कुठून येते ते कळलं की ती पकडता येते.

लिपीबद्दल आधी सांगते. डोक्यावर छोटं वर्तुळ असलेला इंग्रजी ‘ए’ (a) हे नॉर्वेजियन अक्षर ‘ओ’सारखं उच्चारतात, आणि ते एकटं अक्षर म्हणजेच इन्फिनिटिव्हची, म्हणजे क्रियापदाच्या काळ न लागलेल्या मूळ रूपाची खूण. मी ते ‘ओ’ लिहिणार आहे. ‘आणि’ या अर्थाच्या शब्दात शेवटी ‘ग’ असतो, पण बोलताना तो बहुतेकदा गळतो आणि उरतो पुन्हा ‘ओ’च. हे दोन शब्द वेगळे दिसावेत म्हणून ‘आणि’वाला मी ‘ओग’ असा स्पेलिंगप्रमाणे लिहीन. तिरकी रेघ मारलेला स्वर आपल्या लिपीत नाही, तोही ‘ओ’नेच भागवते. सगळी उदाहरणं बुकमोलमधली, म्हणजे नॉर्वेजियनच्या दोन लेखनप्रकारांपैकी जास्त चालणाऱ्या प्रकारातली आहेत.

चूक येते कुठून

शब्दसंग्रहाच्या वहीत आपण क्रियापदं ‘ओ लेसे’, ‘ओ स्क्रीवे’, ‘ओ गो’, ‘ओ बू’ अशी लिहितो. त्यामुळे ‘ओ’ हा शब्दाचाच भाग वाटायला लागतो. तो तसा नाही. इन्फिनिटिव्ह म्हणजे नुसतं ‘लेसे’, ‘स्क्रीवे’, ‘गो’, ‘बू’. बहुतेक क्रियापदांच्या शेवटी ‘ए’ येतो, तर ‘गो’, ‘से’, ‘यी’, ‘हा’, ‘स्तो’, ‘त्रू’ अशी छोटी क्रियापदं आपल्याच स्वरावर संपतात. ‘ओ’ ही वेगळी खूण आहे. कधी लागते, कधी नाही.

दुसरं कारण इंग्रजी. आपण नॉर्वेजियन शिकतो ते इंग्रजीतून, म्हणून ‘ओ’ म्हणजे ‘टू’ असं समीकरण डोक्यात बसतं. अर्ध्या वाक्यांत ते चालतं आणि उरलेल्या अर्ध्यांत दगा देतं. ‘बिफोर ईटिंग’, ‘विदाउट आस्किंग’, ‘आय वाँट यू टू कम’ या रचना नॉर्वेजियनमध्ये तशाच्या तशा नेता येत नाहीत. यातल्या बऱ्याच ठिकाणी मराठीची घडण नॉर्वेजियनच्या जास्त जवळची आहे. मधला इंग्रजीचा थांबा वगळून थेट मराठीकडे बघितलं, तर निम्म्या चुका तिथेच थांबतात असा माझा अनुभव आहे.

पहिली चाचणी: आधीचं क्रियापद कोणतं?

‘ओ’ लावायचा की नाही हे पुढचं क्रियापद ठरवत नाही, आधीचं ठरवतं. म्हणून मागे वळून बघायचं. ‘कान’, ‘विल’, ‘स्काल’, ‘मो’, ‘बोर’ यांपैकी काही असेल तर पुढे नुसता इन्फिनिटिव्ह येतो: ना ‘ओ’, ना ‘र’. ‘यै कान स्नाक्के’, ‘यै मो गो’, ‘दू बोर लेसे’. भूतकाळी रूपांनाही, म्हणजे ‘कुन्ने’, ‘विल्ले’, ‘स्कुल्ले’, ‘मोत्ते’, ‘बुर्दे’ यांना, हाच नियम. परवानगीचा किंवा ‘आता हेच करावं लागेल’ अशा अर्थाचा ‘फोर’ही याच गटातला: ‘दू फोर वेंते’, म्हणजे तुला थांबावं लागेल.

‘शकणे’च्या आधी मराठीत ‘बोलू’ असं आखूड रूप येतं आणि ‘आवडणे’च्या आधी ‘बोलायला’ असं लांब रूप. यावरून आखूड रूप म्हणजे ‘ओ’ नाही आणि लांब रूप म्हणजे ‘ओ’ आहे, असा नियम करावासा वाटतो. करू नका. ‘मला जायला हवं’ यात लांब रूप आहे, पण नॉर्वेजियनमध्ये ‘यै मो गो’ यात ‘ओ’ नाही. ही पाच-सहा क्रियापदं पाठच करायची. यादी छोटी आहे आणि ती बदलत नाही.

यादी पाठ असूनही चूक होते, कारण मोडल क्रियापद (‘कान’, ‘मो’ यांसारखं यादीतलं) आणि मुख्य क्रियापद यांच्यामध्ये काहीतरी घुसतं. ‘कान दू कोम्मे?’ मध्ये कर्ता मधे आला. ‘यै विल यॅर्ने हा काफ्फे’ मध्ये ‘यॅर्ने’ आला. ‘नो मो वी इक्के ग्लेम्मे’ मध्ये तर ‘वी’ आणि ‘इक्के’ दोन्ही आले. अंतर वाढलं की हात आपोआप ‘ओ’ लिहितो, नाहीतर क्रियापदाला ‘र’ चिकटवतो. लिहिलेलं तपासताना मोडल क्रियापदाखाली रेघ ओढा आणि बोट पुढच्या क्रियापदापर्यंत न्या. मधलं सगळं गाळून वाचा: ‘मो ग्लेम्मे’. चूक लगेच दिसते.

या गटातल्या आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. नॉर्वेजियनमध्ये मोडल क्रियापदांनाही स्वतःचा इन्फिनिटिव्ह असतो: ‘ओ कुन्ने’, ‘ओ विल्ले’, ‘ओ मोत्ते’. म्हणून ‘यै मो कुन्ने स्नाक्के नॉर्श्क’ हे वाक्य शुद्ध आहे: मला नॉर्वेजियन बोलता आलं पाहिजे. ‘मो’नंतर ‘कुन्ने’ आणि त्यानंतर ‘स्नाक्के’, तिघांमध्ये कुठेही ‘ओ’ नाही. इंग्रजीत असं करता येत नाही, म्हणून हे बरोबर वाक्य लिहायलाही आपण बिचकतो. दुसरी गोष्ट म्हणजे जायची दिशा सांगितली असेल तर ‘जाणे’ हे क्रियापदच गाळलं जातं. ‘यै मो येम’ म्हणजे मला घरी जायला हवं. ‘यै स्काल तिल ओस्लो’ म्हणजे मी ओस्लोला जाणार आहे. इथे इन्फिनिटिव्ह हरवला असं समजून तो शोधत बसू नका.

‘ओ’ न लागणारे आणखी थोडे प्रसंग आहेत. ‘ला’ म्हणजे ‘दे’: ‘ला मै से’, मला बघू दे. पाहणं-ऐकणं यांच्यानंतर माणूस आणि त्याची कृती आली की तिथेही नाही: ‘यै सो हाम कोम्मे’, मी त्याला येताना पाहिलं. बाकी जवळजवळ सगळीकडे ‘ओ’ लागतो: ‘लीकेर ओ’, ‘प्रोवेर ओ’, ‘होपेर ओ’, ‘ग्लेम्मेर ओ’, ‘बेयुन्नेर ओ’, ‘स्लुत्तेर ओ’, ‘प्लैयेर ओ’. काही क्रियापदांना दोन्ही चालतं. ‘यै तोर इक्के ओ होप्पे’ आणि ‘यै तोर इक्के होप्पे’ दोन्ही बरोबर आहेत. ‘त्रेंगेर इक्के’चंही तसंच. अशा ठिकाणी ‘ओ’ लिहून मोकळं व्हावं.

‘ओ’ की ‘ओग’: ज्यात नॉर्वेजियन लोकही चुकतात

या दुखण्याला नॉर्वेत स्वतंत्र नाव आहे: ‘ओग-ओ’ चूक. बोलताना दोन्ही शब्द सारखेच ऐकू येत असल्यामुळे नॉर्वेजियन माणसं लिहिताना यात सर्रास गोंधळतात आणि शाळेत त्यांना याचे धडे दिले जातात. तेव्हा सहकाऱ्याच्या मेलवरून किंवा इंटरनेटवरच्या एखाद्या टिप्पणीवरून हा नियम शिकायला जाऊ नका. छापील मजकूर वाचा.

शाळेत शिकवतात ती चाचणी साधी आणि भरवशाची आहे: वाक्य भूतकाळात न्या. दुसरं क्रियापदही बदललं तर ‘ओग’. ते जसंच्या तसं राहिलं तर ‘ओ’.

‘यै प्रोवेर … लेसे’. भूतकाळात ‘यै प्रोव्दे … लेसे’. ‘लेसे’ हललं नाही, म्हणजे इथे ‘ओ’.

‘यै सित्तेर … लेसेर’. भूतकाळात ‘यै सात … लेस्ते’. दोन्ही बदलली, म्हणजे ‘ओग’.

हे दुसरं वाक्य इंग्रजीतून आलेल्याला विचित्र वाटतं: मी बसतो आणि वाचतो? मराठी माणसाला ते विचित्र वाटायचं कारण नाही, कारण आपण रोज ‘वाचत बसलोय’ म्हणतो. ‘सित्तेर ओग लेसेर’ म्हणजे तेच. ‘स्तोर ओग वेंतेर’ म्हणजे वाट बघत उभा आहे, ‘लिग्गेर ओग सोवेर’ म्हणजे झोपून आहे. चालू क्रिया दाखवायला नॉर्वेजियनमध्ये इंग्रजीसारखं ‘आयएनजी’ रूप नाही, म्हणून बसणं, उभं असणं, आडवं असणं यांच्या आधाराने ती दाखवतात. तुमच्या मनातलं मराठी वाक्य ‘-त बसणे’, ‘-त उभं राहणे’, ‘-त पडणे’ या घाटाचं असेल तर ‘ओग’ लिहा.

याहून उपयोगी जोडी जाण्याची आहे. ‘मी जाऊन सामान आणतो’ आणि ‘मी सामान आणायला जातो’ यांतला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. पहिल्यात दोन कृती एकामागून एक आहेत, दुसऱ्यात जाण्याचा हेतू सांगितला आहे. नॉर्वेजियनमध्ये पहिलं ‘यै गोर ओग हांद्लेर’, दुसरं ‘यै गोर फोर ओ हांद्ले’. ‘-ऊन’ तिथे ‘ओग’, हेतूचा ‘-ायला’ किंवा ‘-ण्यासाठी’ तिथे ‘फोर ओ’ (हा ‘फोर’ म्हणजे ‘-साठी’, परवानगीच्या ‘फोर’हून वेगळा शब्द). ‘मी जाऊन झोपतो’ म्हणजे ‘यै गोर ओग लेग्गेर मै’, भूतकाळात ‘यै यिक्क ओग ला मै’.

आता खरा सापळा. ‘यै स्काल सित्ते … लेसे’. इथे काय? ‘लेसे’ इन्फिनिटिव्ह दिसतंय, म्हणून ‘ओ’ लिहायचा मोह होतो. पण ‘स्काल’मुळे दोन्ही क्रियापदं इन्फिनिटिव्हमध्ये गेली आहेत. मोडल काढून भूतकाळ करा: ‘यै सात ओग लेस्ते’. म्हणजे मूळ वाक्यातही ‘ओग’च: ‘यै स्काल सित्ते ओग लेसे’. तसंच ‘वी मो गो ओग लेग्गे ओस’. मोडल क्रियापद असेल तर आधी ते बाजूला काढायचं आणि मगच भूतकाळाची चाचणी लावायची. या पायरीशिवाय चाचणी चुकीचं उत्तर देते, आणि बहुतेक जण नेमकी तीच पायरी विसरतात.

आज्ञार्थी वाक्याचा भूतकाळ होत नाही. मग तेच साध्या विधानात बदला. ‘प्रोव … लेसे!’ चं विधान ‘दू प्रोव्दे ओ लेसे’, म्हणजे आज्ञेतही ‘प्रोव ओ लेसे!’. फक्त ‘कृपया’ या अर्थाच्या ‘वॅर सो स्निल’पुढे दोन्ही वाटा खुल्या आहेत: ‘वॅर सो स्निल ओ लुक्के दोरा’ किंवा ‘वॅर सो स्निल ओग लुक्क दोरा’. मात्र ‘ओ’ घेतला तर पूर्ण इन्फिनिटिव्ह ‘लुक्के’, ‘ओग’ घेतला तर आज्ञार्थाचं आखूड ‘लुक्क’. यांची सरमिसळ नको.

आणि जिथे ‘ओग’ खरोखरच ‘आणि’ आहे तिथे ‘ओ’ एकदाच लिहिला तरी पुरतो: ‘यै लीकेर ओ लेसे ओग स्क्रीवे’. दुसऱ्या क्रियापदाआधी ‘ओ’ परत लिहिला तरी चूक नाही.

तोंडी परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी या भागावर वेळ घालवू नये. 2022च्या ऑक्टोबरपासून नॉर्वेच्या नागरिकत्वासाठी तोंडी नॉर्वेजियनची बी1 (मधली) पातळी लागते. बोलताना ‘ओ’ आणि ‘ओग’ सारखेच ऐकू येतात, त्यामुळे यातला कोणता शब्द वापरला ते परीक्षकाला ऐकू येत नाही. ‘कान स्नाक्केर’ मधला ‘र’ मात्र परीक्षकाला स्पष्ट ऐकू येतो. तोंडीसाठी ‘र’ आवरा, लेखीसाठी ‘ओग’ शिका.

शब्दयोगी अव्ययानंतर

‘ऊतेन’, ‘फोर’, ‘वे’, ‘एत्तेर’, ‘ई स्तेदे फोर’ यांच्यानंतर क्रियापद आलं की इंग्रजीत ‘आयएनजी’ लागतं, नॉर्वेजियनमध्ये ‘ओ’ आणि इन्फिनिटिव्ह. आपल्याकडे यातल्या प्रत्येकाला तयार घाट आहे: न विचारता म्हणजे ‘ऊतेन ओ स्पोरे’, शिकण्यासाठी म्हणजे ‘फोर ओ लॅरे’, वाचून किंवा वाचण्याने म्हणजे ‘वे ओ लेसे’, जाण्याऐवजी म्हणजे ‘ई स्तेदे फोर ओ गो’. ‘जेवल्यावर’ला मात्र आणखी एक तुकडा लागतो, कारण क्रिया संपलेली असते: ‘एत्तेर ओ हा स्पिस्त’. हा तुकडा वाक्याच्या सुरुवातीला आला की लगेच क्रियापद आणि मग कर्ता: ‘एत्तेर ओ हा स्पिस्त यिक्क यै येम’. लांबलचक तुकडा असला तरी तो एकच घटक मोजायचा, कारण मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी हवंच. ‘ओ लॅरे नॉर्श्क तार तीद’, नॉर्वेजियन शिकायला वेळ लागतो, यातही हेच घडतं.

काही शब्दांना त्यांचं अव्यय चिकटलेलंच असतं, आणि ते तर्काने सापडत नाही: ‘ल्युस्त तिल ओ’, ‘फ्लिंक तिल ओ’, ‘ग्ला ई ओ’, ‘रेद फोर ओ’, ‘लै आव ओ’. वहीत नुसतं ‘फ्लिंक’ लिहू नका, ‘फ्लिंक तिल ओ’ एवढं सगळं लिहा. भविष्यकाळाचं ‘कोम्मेर तिल ओ’ पण असंच अख्खं पाठ करा. आणि ‘होल्त पो ओ फाल्ले’ हा प्रयोग मला फार आवडतो: त्याचा अर्थ ‘पडता पडता वाचलो’, आणि याहून नेमकं मराठी मला सापडत नाही.

कर्ता बदलला की इन्फिनिटिव्ह चालत नाही

‘यै विल दै ओ कोम्मे’ हे इंग्रजी वाक्य आहे, नॉर्वेजियन शब्द घातलेलं. यायचं कोणी? इच्छा माझी आणि येणारा तू. कर्ते दोन झाले की ‘आत’ने जोडलेलं पूर्ण उपवाक्य लागतं: ‘यै विल आत दू स्काल कोम्मे’. मराठीतही आपण असंच करतो: ‘मला यायचंय’ हे एका दमात, पण ‘तू यावंस असं मला वाटतं’ यात दोन वाक्यं. तुमच्या मराठी वाक्यात ‘असं’, ‘की’ किंवा ‘म्हणून’ आलं तर तिथे बहुधा ‘आत’ हवा, ‘ओ’ नको. ‘ताक फोर आत दू कोम’, तू आलास म्हणून आभार. ‘यै ग्लेदेर मै तिल ओ कोम्मे’ म्हणजे यायची मला उत्सुकता आहे. आणि येणार तू असशील तर ‘यै ग्लेदेर मै तिल आत दू कोम्मेर’. इथे क्रियापदाला परत ‘र’ आला, कारण आता ते स्वतःच्या कर्त्याबरोबर उभं आहे.

जुनं काही वाचायला घेतलं तर इथे एक अडचण येते. नॉर्वे 1814पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात होता आणि लेखनात डॅनिश पुढेही बराच काळ चालली. डॅनिशमध्ये इन्फिनिटिव्हची खूण आजही ‘आत’ अशी लिहितात. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या मजकुरात क्रियापदाआधी ‘आत’ दिसला तर तो आजच्या हिशेबात ‘ओ’ समजून वाचा. वर्तुळवालं अक्षर नॉर्वेत 1917च्या शुद्धलेखन सुधारणेत नियमित झालं. त्याआधी तिथे दोन ‘ए’ (aa) लिहीत.

‘इक्के’ची जागा आणि ‘स’वालं रूप

‘यै प्रोवेर इक्के ओ ले’ याचा अर्थ ‘मी हसायचा प्रयत्न करत नाही’ असाही होऊ शकतो. ‘मी न हसायचा प्रयत्न करतो’ म्हणायचं असेल तर ‘यै प्रोवेर ओ इक्के ले’ स्पष्ट आहे. जुन्या वळणाचे शिक्षक ‘ओ’ आणि क्रियापद यांच्यामध्ये ‘इक्के’ टाकलेला खपवून घेत नाहीत, पण आज तो मान्य आहे आणि अर्थ वाचतो म्हणून मी तो वापरते. ‘विसरू नये म्हणून’साठी मात्र ‘फोर इक्के ओ ग्लेम्मे’ हाच क्रम जास्त रुळलेला आहे.

सूचनांमध्ये ‘दोरा मो लुक्केस’ असं दिसतं: दार बंद करावं. इन्फिनिटिव्हला ‘स’ लागून कर्मणी झालं, आणि ‘मो’ असल्यामुळे ‘ओ’ नाही. नियम तोच.

ऐकताना होणारा गोंधळ

पुस्तकात ‘ओ स्नाक्के’ आणि कानावर भलतंच, ही तक्रार स्टाव्हांगेर आणि ट्रॉनहाइमला राहणाऱ्यांकडून येते आणि ती रास्त आहे. तेल उद्योगामुळे भारतीय इंजिनिअर जिथे जातात त्या स्टाव्हांगेर भागात इन्फिनिटिव्ह ‘आ’वर संपतो: ‘ओ स्नाक्का’, ‘ओ कास्ता’. न्यूनोर्स्क या दुसऱ्या लेखनप्रकारातही ‘आ’ आणि ‘ए’ दोन्ही शेवट चालतात. अडचण अशी की बुकमोलमध्ये ‘स्नाक्का’ आणि ‘कास्ता’ ही भूतकाळाचीही मान्य रूपं आहेत. तेव्हा स्टाव्हांगेरमध्ये शेवटचा स्वर ऐकून काळ ठरवू नका. आधी ‘ओ’ किंवा मोडल क्रियापद ऐकू आलं का, त्यावर ठरवा. ट्रॉनहाइमच्या बोलीत तर अनेक क्रियापदांचा शेवटचा स्वर साफ गळतो आणि ‘ओ कास्त’ एवढंच उरतं. ते आज्ञार्थासारखं ऐकू येतं, पण आधी ‘ओ’ आहे म्हणजे आज्ञा नाही. लिहिताना मात्र वर्गात बुकमोल शिकलात तर बुकमोलचा ‘ए’च ठेवा. शेजाऱ्यांचा ‘आ’ कानाला कितीही सवयीचा झाला तरी एकाच मजकुरात दोन शेवट मिसळले की लेखी परीक्षेत ते चूक म्हणून धरलं जाऊ शकतं.